राऊटरने किती कामे अंगावर घ्यावीत?

राऊटरचे मूळ काम मोजके आहे. आलेल्या पॅकेटवरील पत्ता वाचावयाचा, कोष्टक पाहावयाचे आणि ते पुढच्या टप्प्याकडे रवाना करावयाचे. टपाल खात्यातील सॉर्टर पाकीट न फोडता योग्य थैलीत टाकतो, तसेच हे. परंतु यंत्र वाटेवरच बसलेले असल्याने त्याच्याकडून चुका तपासून घ्याव्यात, पत्ते बदलून घ्यावेत, असा मोह होतो. तो कोठवर आवरावा, एवढाच प्रश्न मी आपणांपुढे ठेवीत आहे.

सॉल्ट्झर, रीड आणि क्लार्क यांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात एम.आय.टी.मधील एक हकीकत आहे. तेथील जाळी गेटवे-संगणकांनी, म्हणजे राऊटरच्या पूर्वजांनी, जोडलेली होती. प्रत्येक टप्प्यावर तपासणी होत असल्यामुळे मजकूर शाबूत पोहोचतो, असे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले. एका गेटवेत मात्र आतल्या आत नक्कल होताना दहा लाख बाइटांमागे सुमारे एकदा दोन बाइटांची अदलाबदल होई. तपासणी तारेवरील प्रवासाची होती. गेटवेच्या पोटात काय घडते, हे तिला दिसत नव्हते. एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ फाइली या वाटेने वारंवार गेल्या आणि त्यांतील काही बिघडल्या. अखेर मालकांना जुन्या छापील प्रतींशी त्या हाताने ताडून पाहाव्या लागल्या!

खरी पोच घेणाराच देऊ शकतो. वाटेतील तपासणीने फार तर वेग वाढतो. रेडिओसारख्या बेभरवशाच्या दुव्यावर तेही मोलाचे, हे निबंधकारांनाही मान्य आहे. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत तर शीर्षकाची तपासणी-बेरीजच वगळली आणि पॅकेटचे तुकडे करण्याचे काम राटटरकडून काढून घेतले.

पत्ते बदलण्याची गोष्ट अधिक अवघड. चौथ्या आवृत्तीत पत्ते सुमारे ४२९ कोटीच. म्हणून १९९४ पासून एका पत्त्यामागे अनेक संगणक दडविण्याची युक्ती रूढ झाली. तिने निभावून नेले, हे मी नाकारीत नाही. पण आतून बाहेर पत्र जाते. बाहेरून आपणहून आलेले पत्र कोणाचे, हे दाराशी कळत नाही. राऊटर मध्येच बंद पडला, तर त्याने लक्षात ठेवलेल्या जोडण्याही तुटतात. दारावरचा पहारा, म्हणजे फायरवॉल, मला मान्य आहे. मात्र तो घरमालकाने ठेवलेला असावा.

१९९१ साली वेब जगापुढे आले, तेव्हा त्यासाठी एकही राऊटर बदलावा लागला नाही. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या नव्या वाहतूक-संकेताला मात्र जुन्या यूडीपीच्या पाकिटात बसून प्रवास करावा लागतो, कारण अनोळखी पाकिटे वाटेतील यंत्रे टाकून देतात.