आलेखात काही दिसत नाही, म्हणून संकेत नाही?

छोट्या, स्वस्त एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) डोंगलला जीपीएसचा अँटेना जोडून १५७५.४२ मेगाहर्ट्झ लावलं, की संगणकाच्या पडद्यावर निव्वळ गोंगाट दिसतो. मग ‘एवढ्याशा यंत्राला उपग्रह कुठून सापडणार’ म्हणून लोक ते बाजूला ठेवतात. यंत्र कितीही महाग घेतलं तरी सुरुवातीला एवढंच दिसतं. सुमारे २०,२०० किलोमीटरवरून येणारा हा संकेत गोंगाटाच्या जवळपास शंभरपट खाली असतो आणि तो गणितानेच वर काढावा लागतो. प्रत्येक उपग्रहाचा १०२३ तुकड्यांचा ठरलेला कोड दर मिलिसेकंदाला पुन्हा येतो. संगणक तोच कोड स्वतः तयार करून नोंदवलेल्या नमुन्यांवर सरकवत ताडून पाहतो. जुळला, की सपाट गोंगाटातून एक टोकदार शिखर उभं राहतं.

‘डोंगल नमुने आठच बिटांत नोंदवतो, मग अचूकता कुठली?’ हा आक्षेपही टिकत नाही. एका बिटात नोंद केली तरी साधारण दोन डेसिबलचंच नुकसान होतं. खरी अडचण डोंगलची वारंवारता ठरवणाऱ्या स्फटिकाची आहे. उपग्रहाच्या गतीमुळे वारंवारता पाचेक किलोहर्ट्झ इकडेतिकडे होते, पण साधा स्फटिक दहा लाखांत ५० भाग चुकला तर फरक ७९ किलोहर्ट्झचा पडतो आणि शोध भलतीकडेच चालतो. म्हणून तापमानाची भरपाई करणारा स्फटिक असलेला डोंगल घ्यावा. अँटेनाला वीजपुरवठाही लागतो. तो विसरला तर दोष उगाच रिसीव्हरला लागतो.

पनवेलजवळच्या नेऱ्यात आषाढातल्या पावसालाही असाच दोष दिला जाईल. या वारंवारतेला पाऊस आणि ढग जवळपास आडवे येत नाहीत. आडवे येतात ते ओली झाडी, काँक्रीटचा स्लॅब आणि क्षितिजालगतचे उपग्रह झाकणारी माथेरानची डोंगररांग. त्याहून मोठी गडबड वरच्या आयनमंडलात होते. चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या आपल्या भागात सूर्यास्तानंतर संकेत कधी कधी थरथरतात. त्याच आयनमंडलाचा अभ्यास करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नेऱ्यापासून फार दूर नाही, नवीन पनवेललाच आहे.

‘मोबाईल जागा दाखवतोच, मग हा खटाटोप कशाला?’ मोबाईल सहसा तयार उत्तर हाती देतो. इथे कच्चे नमुने आपल्याकडे राहतात आणि तीच नोंद जीएनएसएस-एसडीआरसारख्या मुक्त प्रणालीत वेगवेगळ्या पद्धतींनी पुन्हा तपासता येते. भारताच्या ‘नाविक’ उपग्रहांसाठी मात्र अँटेना पाहून घ्यावा. २०२३ च्या एनव्हीएस-०१ आधीचे उपग्रह १५७५.४२ वर बोलतच नाहीत, त्यांचा ११७६.४५ मेगाहर्ट्झचा संकेत बहुतेक डोंगलच्या आवाक्यात असला, तरी साध्या जीपीएस अँटेनाच्या नाही.