सिस्टर, सलाईन संपलं!

वॉर्डात एकाच वेळी चौघं हाका मारत असतात आणि सिस्टर नेमकी त्याच्याकडे जाते, ज्याची काहीच तक्रार नसते. असं का?

घरातलं कुणी अ‍ॅडमिट झालं की रात्री थांबायची ड्युटी बहुतेक वेळा कॉलेजातल्या पोरांवर येते. 'तसाही तू दोन-दोन वाजेपर्यंत जागाच असतोस' हे त्यामागचं लॉजिक. त्यामुळे वॉर्डातलं ते प्लास्टिकचं स्टूल, बारा टक्के बॅटरी आणि मच्छर हा अनुभव आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गाठीशी आहे. आणि एक तक्रारही सगळ्यांची सारखीच. सिस्टर वेळेवर येत नाही. सलाईन संपलं म्हणून दोनदा सांगून आलो, 'हो, येते' म्हणाली आणि सरळ भलत्याच बेडकडे गेली.

ती त्या भलत्या बेडकडे का गेली, हे समजून घ्यायचं तर एक वॉर्ड डोळ्यांसमोर आणू या. हा वॉर्ड काल्पनिक आहे, पण सरकारी हॉस्पिटलात रात्र काढलेल्यांना तो ओळखीचा वाटेल.

मेडिसिनचा वॉर्ड, चाळीस बेड. रात्रीचे अकरा. ड्युटीवर एक स्टाफ नर्स, वय तेवीस. सोबत जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाची एक स्टुडंट, एक मावशी आणि वॉर्डबॉय, ज्यांना सगळे मामा म्हणतात. पुढच्या दोन मिनिटांत पाच गोष्टी होतात. चार नंबरचा नातेवाईक ओरडतो, सलाईन संपलं, हवा आत जाईल! नऊ नंबरच्या आजोबांना लघवीला जायचंय आणि ते पलंगावरून पाय खाली सोडतायत. बारा नंबरचा ताप पुन्हा चढलाय. सतरा नंबरची सून सांगायला येते, की सासूबाई रात्री जेवल्या नाहीत, घाम आलाय आणि काहीतरी असंबद्ध बोलतायत. सासूबाईंना शुगर आहे, संध्याकाळी इन्सुलिन दिलंय. आणि सव्वीस नंबरचा धाकटा भाऊ सहज जाता जाता सांगतो, 'दादाला आता आराम पडलाय. मघाशी केवढा धापत होता, आता शांत झोपलाय.' दादाला दमा आहे.

सगळ्यात मोठा आवाज चार नंबरचा. पण सिस्टर धावते सव्वीसकडे.

कारण दम्याचा पेशंट तासन्‌तास धापून अचानक शांत झाला, तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, खरंच आराम पडला. दोन, श्वास घेणारे स्नायू थकले, आणि हा थकवा जिवावर बेतू शकतो. कोणता अर्थ खरा, हे लांबून कळत नाही, जाऊन बघावंच लागतं. श्वास मोजायचे, ओठांचा रंग बघायचा, हाक मारून तो वाक्य पूर्ण बोलू शकतो का ते पाहायचं.

जाता जाता ती थांबत नाही, पण बोलते. स्टुडंटला सांगते, 'सतराची शुगर आत्ता कर, आकडा मला इथे येऊन सांग. तोंडाने काही देऊ नको.' मावशींना म्हणते, 'मावशी, नऊच्या आजोबांना उभं करू नका हं, बीपी कमी आहे त्यांचं. पलंगावरच भांडं द्या.' मामांना ऑक्सिजनची ट्रॉली आणायला पिटाळते. आणि चार नंबरच्या नातेवाईकाला सांगते, 'दादा, काही होत नाही, दहा मिनिटांत येते.'

हे दहा सेकंदांत झालं. बघणाऱ्याला वाटतं, बाई नुसती ऑर्डरी सोडतेय. प्रत्यक्षात तिने चार वेगवेगळे निर्णय घेतलेत.

निर्णयामागचा प्रश्न 'कोण आधी आलं' हा नसतो. 'कोणाचं जास्त दुखतंय' हाही नसतो. प्रश्न असा असतो, की कोणाला थांबवलं तर जास्त नुकसान होईल. नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून डोक्यात बसवलेला क्रम आहे, एबीसी. आधी श्वासाची वाट मोकळी आहे का, मग श्वास चालू आहे का, मग रक्ताभिसरण. ताप, दुखणं, सलाईन हे सगळं त्यानंतर. सतराच्या सासूबाईही धोक्यात आहेत. जेवण न करता इन्सुलिन घेतलं की साखर धाडकन उतरू शकते, मेंदूला इंधन मिळत नाही आणि माणूस गुंगीत जातो. पण तिथलं पहिलं पाऊल म्हणजे बोटाला सुई टोचून आकडा बघणं, आणि ते स्टुडंट करू शकते. ती ५२ असा आकडा घेऊन धावत येते. सत्तरच्या खाली म्हणजे कमीच, आणि इथे तर पेशंट गुंगीत. गुंगीतल्या माणसाला साखरेचं पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून शिरेतून ग्लुकोज. ते देणार सिस्टर.

आणि ती चार नंबरची हवा? आपल्याकडे ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. वर टांगलेल्या साध्या बाटलीतलं सलाईन संपलं, की नळीतला प्रवाह आपोआप थांबतो. फार तर थोडं रक्त नळीत मागे येतं, सुई ब्लॉक होते आणि पुन्हा टोचावं लागतं. म्हणून सांगायचं जरूर, पण ओरडायची गरज नाही.

हा क्रम लावण्याला मोठा इतिहास आहे. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन डोमिनिक जाँ लारे याने युद्धभूमीवर जखमींना हुद्दा न बघता, जखम किती गंभीर आहे ते बघून उपचार द्यायला सुरुवात केली. आज कॅज्युअल्टीत 'ट्रायाज' म्हणतात त्याची ही एक सुरुवात. आता तर आकड्यांत मोजायची पद्धतही आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये 'न्यूज' नावाचा स्कोअर आणला, २०१७ मध्ये सुधारला. (आम्हा मास कॉमवाल्यांना हे नाव भारीच आवडलं.) श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप, शुद्ध या प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. मिनिटाला १२ ते २० श्वास असतील तर शून्य गुण, २५ किंवा जास्त असतील तर एकदम तीन. बेरीज पाचवर गेली की तातडीने डॉक्टर, सातवर गेली की इमर्जन्सी. यातला श्वास मोजायला मशीन लागत नाही. सेकंदकाट्याचं घड्याळ आणि एक मिनिट पुरतं. चाळीस बेडच्या वॉर्डात ते एक मिनिटच महाग असतं, ही वेगळी गोष्ट.

आता काम सोपवण्याकडे येऊ, कारण मला स्वतःला तो भाग जास्त अवघड वाटतो. अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या परिषदेने यासाठी पाच कसोट्या घालून दिल्यात. काम सोपवण्यासारखं आहे का, ही वेळ योग्य आहे का, माणूस योग्य आहे का, नीट सांगितलं का, आणि नंतर बघितलं का. वाचायला सोपं. पण आजोबांना बाथरूमला नेणं हे काम सकाळी मावशींना बिनधास्त सांगता येतं, आणि तेच काम रात्री, बीपी कमी असताना, जसंच्या तसं सांगितलं तर आजोबा पडून खुबा मोडू शकतो. काम तेच, माणूसही तोच, वेळ बदलली.

सांगण्यातही फरक असतो. 'सात नंबरचं बीपी बघ गं' असं म्हटलं तर स्टुडंट बीपी घेईल, चार्टवर लिहील आणि पुढच्या बेडला जाईल. 'सातचं बीपी आत्ता घे, वरचा आकडा नव्वदच्या खाली असेल तर लिहीत बसू नको, आधी मला सांग' असं म्हटलं तर वेगळंच काम होतं. आकडा आणणं सोपवता येतं, त्या आकड्याचा अर्थ लावणं नाही. आणि काम दुसऱ्याने केलं, तरी उद्या 'का बघितलं नाही' हा प्रश्न सिस्टरलाच विचारला जातो.

त्यात वयाचा मामला. कागदोपत्री या पदांना भारदस्त मराठी नावं आहेत, स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका, इन्चार्ज सिस्टर म्हणजे परिसेविका, मेट्रन म्हणजे अधिसेविका. वॉर्डात मात्र तेवीस वर्षांच्या अधिपरिचारिकेला आईच्या वयाच्या बाईकडून काम करून घ्यायचं असतं. तिथे पदनाम चालत नाही, 'मावशी, जरा बघता का' चालतं. आपल्यात कॉलेजच्या फेस्टला ज्युनियरकडून खुर्च्या लावून घेताना फेस येतो! शिवाय मावशींची वीस वर्षांची नजर असते. 'सिस्टर, तो बारा नंबर मला काही बरा दिसत नाही' असं त्या म्हणाल्या, की शहाणी सिस्टर चार्ट बाजूला ठेवून आधी बारा नंबर बघते.

हे कौशल्य किती टोकाला जाऊ शकतं, याचं मुंबईतलं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलच्या प्रसूतीपूर्व वॉर्डात २० गरोदर महिला होत्या आणि ड्युटीवर होत्या स्टाफ नर्स अंजली कुलथे. दहशतवादी आवारात शिरले, गोळीबारात त्यांची सहकारी कर्मचारी जखमी झाली. कुलथे यांनी तिला कॅज्युअल्टीत पोचवलं, वॉर्डाचे दरवाजे बंद केले, वीसही जणींना टोकाच्या छोट्या पँट्रीत हलवलं. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला लेबर रूमपर्यंत नेलं. पुढे त्यांनी कसाबविरुद्ध साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे हा अनुभव सांगितला. आपण याला धाडस म्हणतो, आणि ते आहेच. पण आधी काय, मग काय हे ठरवण्याची वर्षानुवर्षांची सवयही त्यात आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

मात्र कौतुक करताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. भारतीय नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे, की जनरल वॉर्डात शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक नर्स हवी, इतर हॉस्पिटलात पाचामागे एक. आपल्या चाळीस बेडच्या वॉर्डाला हे लावून बघा. नर्स कमी असल्या की क्रम लावणं म्हणजे 'आधी कोण' ठरवणं राहत नाही, 'काय करायचंच नाही' हे ठरवणं होतं. आणि जे दरवेळी यादीच्या तळाशी असतं, ते रोजच राहतं. एकतीस नंबरला अर्धांगवायू झालेले काका आहेत. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते हाक मारू शकत नाहीत. त्यांच्यासाठी कुणी ओरडलं नाही, आणि तुम्हीही हा लेख वाचताना त्यांना मोजलं नव्हतं.

मग ही कामं कोणाकडे जातात? स्टुलावर बसलेल्या आपल्याकडे. नातेवाईक हा वॉर्डातला बिनपगारी स्टाफ आहे, हे उघड गुपित. मला हे योग्य वाटत नाही. पण आहे तोवर निदान काही गोष्टी माहीत असाव्यात. कुशीवर वळवायला मदत करा, पण आधी कसं ते विचारा. सलाईनचा स्पीड आणि ऑक्सिजनचा नॉब यांना हात लावू नका. पेंगुळलेल्या पेशंटला पाणी पाजू नका. आणि सिस्टरकडे जाल तेव्हा 'लवकर चला' म्हणू नका, काय बदललं ते सांगा. बेड नंबर, मघाशी कसे होते, आता कसे आहेत. सतराच्या सुनेने नेमकं तेच केलं, म्हणून तिच्या सासूबाईंची शुगर दोन मिनिटांत झाली.

सकाळी ड्युटी बदलते तेव्हा सिस्टर 'ओव्हर' देते, म्हणजे बेड टू बेड सगळं सांगून वॉर्ड दुसरीच्या ताब्यात देते. आपल्या वॉर्डाचा ओव्हर काहीसा असा जाईल. सव्वीस रात्री आयसीयूला शिफ्ट. सतराची शुगर आता १४०, बोलतायत, चहा मागितला. नऊचं बीपी अजून कमीच आहे, उभं करायचं नाही. बाराचा ताप उतरला. चारला नवीन सलाईन लावलंय. एकतीसला पहाटे चारला वळवायचं राहिलं, तेवढं आधी करून घे.