चौदा जणांचं निकोडेमस

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, सॉलोमन नदीच्या दक्षिण शाखेजवळ निकोडेमस नावाचं गाव आहे. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १४ भरली. गावात शाळा नाही, पोस्ट नाही. २४ क्रमांकाच्या महामार्गावरून जाणाऱ्या गाडीला ते मागे टाकायला मिनिटभर पुरतं. तरीही दरवर्षी जुलैअखेर तिथे शेकडो माणसं जमतात आणि गावातल्या पाच जुन्या इमारतींना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला कृष्णवर्णीयांनी जी गावं वसवली, त्यांतलं टिकून राहिलेलं हे एकमेव. प्रेअरीच्या गवताळ मुलखात ओस पडलेल्या गावांना तोटा नाही. निकोडेमसला मात्र त्यांच्या यादीत ढकलून मोकळं होता येत नाही.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सत्पुरुषांना अर्पण केलं, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. त्या मुक्त झालेल्या माणसांचं पुढे काय झालं, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला जातो. गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन मालकाचीच राहिली. दक्षिणेतला मुक्त शेतमजूर त्याच मळ्यावर वाट्याने शेती करू लागला. बियाणं, अवजारं, धान्य सगळं उधारीवर, आणि हंगामाच्या शेवटी हिशेबात तोच देणेकरी. वर गोऱ्यांच्या टोळ्यांची दहशत. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या राज्यांना सांभाळणारं केंद्र सरकारचं लष्करी पाठबळही निघालं. निकोडेमसचा जन्म नेमका त्याच वर्षीचा.

कॅन्ससकडे लोकांची नजर जायला कारणं होती. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणारा जॉन ब्राउन तिथे लढला होता, आणि १८६१ मध्ये ते राज्य झालं तेच गुलामगिरीला बंदी घालून. शिवाय १८६२ चा होमस्टेड कायदा होता: किरकोळ शुल्क भरायचं, १६० एकर सरकारी जमिनीवर राहायचं, पाच वर्षं ती कसायची, की ती आपली. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राबलेल्या माणसाला या तरतुदीचं मोल कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एप्रिल १८७७ मध्ये निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. तिच्यात डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-व्यावसायिक होता, बाकीचे डब्ल्यू. एच. स्मिथ आणि धर्मोपदेशक सायमन राउंडट्री यांच्यासारखे कृष्णवर्णीय. केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन, जॉर्जटाउन या भागांत हस्तपत्रकं वाटली गेली. सुपीक जमीन, मुबलक पाणी, शिकार, उज्ज्वल भविष्य असं सगळं त्यांत होतं. जमिनीवर येणाऱ्या प्रत्येक कुटुंबामागे हिलची कमाई होती, हे पत्रकाची भाषा वाचताना लक्षात ठेवायला हवं.

त्या सप्टेंबरात सुमारे ३०० माणसं रेल्वेने एलिस या स्टेशनावर उतरली. तिथून पुढचे पन्नासहून अधिक किलोमीटर पायी. नकाशावरच्या गावाच्या जागी पोहोचल्यावर त्यांना दिसलं ते क्षितिजापर्यंत गवत. घर नाही, झाड नाही, रस्ता नाही. लोक इतके संतापले की हिलला लपून बसावं लागलं, असं सांगतात. काही कुटुंबं लगेच माघारी फिरली. ज्यांच्याकडे परतीचे पैसे नव्हते किंवा परत जायची इच्छा नव्हती, ती राहिली.

विलियाना हिकमन या बाई पुढच्या वसंतात, १८७८ मध्ये, धर्मोपदेशक नवऱ्याबरोबर केंटकीहून आल्या. त्यांनी नंतर सांगितलेली आठवण या गावाच्या इतिहासात सर्वांत जास्त वाचली जाते. एलिसला मुक्कामात गोवराची साथ आली आणि तांड्यातली मुलं दगावली. मग होकायंत्राच्या आधाराने वाट काढत प्रवास. रात्री जनावरांना दूर ठेवण्यासाठी शेकोट्या पेटवायच्या, बंदुकीचे बार काढायचे. अखेर पुरुष मंडळी गाव आलं म्हणून ओरडू लागली. आजारातून नुकत्याच उठलेल्या विलियानाबाईंनी चहूकडे पाहिलं. त्यांना गाव दिसेना. नवऱ्याने बोट दाखवलं तिकडे जमिनीतून धूर वर येत होता. माणसं जमिनीच्या पोटात राहत होती. ते पाहून त्यांना रडू कोसळलं.

धूर येत होता तो डगआउटमधून. झाडं नसलेल्या मुलखात लाकूड आणायचं कुठून? मग उताराच्या अंगात किंवा नदीच्या दरडीत खोली खणायची, पुढच्या बाजूला मातीच्या ढेकळांची भिंत घालायची, वर फांद्या आणि गवत पसरून त्यावर मातीचा थर द्यायचा. धुराडं तेवढं जमिनीच्या वर. उन्हाळ्यात ही खोली थंड राही आणि हिमवादळात ऊब धरी, पण पाऊस आला की छतातून चिखल गळे. जमीन खणायला अवजारंही धड नव्हती. सुरुवातीला साऱ्या वसाहतीत मिळून तीन घोडे होते, असं नोंदलेलं आहे. प्रेअरीचं गवत मुळांनी इतकं घट्ट विणलेलं असतं की ती माती नांगरायला बैलांची जोडी लागते. इथे लोकांनी ती कुदळ-फावड्याने फोडली.

पहिला हिवाळा निभावला तो इतरांच्या मदतीवर. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी आपल्याकडच्या मांसातला वाटा दिला, ही आठवण गावाने आजवर जपली आहे. ज्यांच्या हातून कॅन्ससमधला आपला मुलूख नुकताच हिसकावला गेला होता, त्यांनी ही मदत केली. गावातले पुरुष रेल्वेवर मजुरीसाठी दूरवर चालत जात. माळावर विखुरलेली गव्याची हाडं गोळा करून विकणं हाही एक धंदा होता. बाहेरून देणग्या मागवण्याचा प्रकार गावाला फार काळ रुचला नाही. १८७९ च्या वसंतात वसाहतीची संघटना विसर्जित करून लोकांनी मदत मागणं थांबवलं. दोन वर्षांपूर्वी उघड्या माळावर उतरलेल्या माणसांनी घेतलेला हा निर्णय फार मोठा वाटतो.

१८८० मध्ये गाव आणि आसपासच्या टाउनशिपमध्ये २५८ कृष्णवर्णीय आणि ५८ गोरे राहत होते. झॅकरी फ्लेचर हा पहिला पोस्टमास्तर. त्याने हॉटेलही काढलं. त्याची बायको जेनी हिने डगआउटमध्ये मुलांना शिकवायला सुरुवात केली. शिकागोहून आलेला एडवर्ड मॅकेब हा तरुण आधी काउंटीचा कारकून झाला आणि १८८२ च्या निवडणुकीत कॅन्सस राज्याचा लेखापरीक्षक म्हणून निवडून आला. दक्षिणेबाहेर राज्य पातळीवर इतक्या मोठ्या पदावर तोवर कृष्णवर्णीय माणूस पोहोचला नव्हता. १८८४ मध्ये तो पुन्हा जिंकला. पुढे ओक्लाहोमात जाऊन त्याने लँग्स्टन हे कृष्णवर्णीयांचं आणखी एक गाव उभारण्यात पुढाकार घेतला.

पीकपाणी बरं झालं तशी घरं जमिनीच्या वर आली. जवळच मिळणाऱ्या चुनखडीच्या दगडाची बांधकामं झाली, दुकानं आली, चर्चेस उभी राहिली. १८८६ मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि पुढच्या वर्षी ‘एंटरप्राइज’ अशी दोन वर्तमानपत्रं निघू लागली. एवढ्याशा गावात दोन वर्तमानपत्रं! त्यांच्या पानांवर एकच ध्यास होता: रेल्वे.

प्रेअरीवरच्या गावाचं नशीब रेल्वेच ठरवायची. गहू बाजारात न्यायचा तर गाडी हवी. कोळसा, लाकूड, कापड आणायचं तर गाडी हवी. कंपन्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्या गावागावांकडून कर्जरोख्यांच्या रूपाने पैसे मागत. १८८७ च्या मार्चमध्ये निकोडेमस टाउनशिपने मिसुरी पॅसिफिक कंपनीसाठी १६,००० डॉलरच्या रोख्यांना मतदान करून मंजुरी दिली. ती रेल्वे आलीच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने रूळ टाकले, तेही नदीच्या पलीकडून. तिथे कामगारांची जी छावणी पडली तिचंच बोग नावाचं गाव झालं, निकोडेमसपासून काही मैलांवर. व्यापाऱ्यांनी दुकानं उचलली आणि तिकडे नेली. काहींनी तर अख्ख्या इमारती हलवल्या. वर्तमानपत्रांनीही गाव सोडलं.

यात निकोडेमसच्या लोकांची चूक शोधायला गेलं तर सापडत नाही. त्यांनी मागितलेली किंमत मोजायची तयारी दाखवली होती. रुळांची रेघ कंपनीच्या कचेरीत आखली गेली, आणि तीही गाव सोडून.

पण मारेकरी एकटी रेल्वे नव्हती. हा भाग शंभराव्या रेखांशाच्या अगदी जवळ आहे. याच्या पश्चिमेला पावसाच्या भरवशावरची शेती जुगार ठरते. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात एक समज जोरात होता, की जमीन नांगरली की पाऊस आपोआप मागोमाग येतो. जमीन विकणाऱ्यांना तो फारच सोयीचा होता. पाऊस काही नांगरामागे आला नाही. १९३० च्या दशकात अवर्षण आणि धुळीची वादळं आली, त्यातच मंदी. १९५३ मध्ये पोस्ट बंद झालं. काही वर्षांनी शाळाही.

हे एकट्या निकोडेमसचं नाही. हे गाव ज्या ग्रॅहम काउंटीत आहे, तिची लोकसंख्या १९१० मध्ये ८,७०० होती. २०२० मध्ये २,४१५. ट्रॅक्टर आणि कंबाइन आल्यावर जिथे चार कुटुंबं लागत तिथे एक पुरेसं झालं. होमस्टेडच्या १६० एकरांवर घर चालेनासं झालं. आज कॅन्ससमधलं सरासरी शेत साडेसातशे एकरांहून मोठं आहे. रेल्वे मिळालेल्या बोगमध्येही आता जेमतेम दीडशे माणसं उरली आहेत. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना या ओढाताणीत आणखी एक धोंड होती: कर्ज आणि सरकारी मदत देताना होणारा भेदभाव. १९२० मध्ये अमेरिकेत सव्वानऊ लाखांवर कृष्णवर्णीय शेतकरी होते, एकूण शेतकऱ्यांच्या सुमारे १४ टक्के. आता त्यांचं प्रमाण दोन टक्क्यांपेक्षाही कमी आहे.

मग निकोडेमस पुसलं का गेलं नाही? याचं उत्तर जनगणनेच्या रात्री गावात कोण झोपलं होतं, यात मिळत नाही. डेन्व्हर, टोपीका, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी पांगलेल्या कुटुंबांनी गावाशी नातं तोडलं नाही. वसाहतीच्या सुरुवातीपासून इथे मुक्तिदिन साजरा होतो. ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीज बेटांवरची गुलामगिरी संपली तो १ ऑगस्ट १८३४ हा दिवस त्यासाठी धरला जाई. पूर्वी या वेळी बेसबॉलचे सामने, मुष्टियुद्धं, पाळणे अशी जत्राच भरे. गोरे शेजारीही गर्दी करत. आता त्याला ‘होमकमिंग’ म्हणतात आणि तो जुलैच्या शेवटच्या आठवड्याअखेरीला असतो. मिरवणूक निघते, बार्बेक्यू होतं, रविवारी चर्चमध्ये भजनं होतात, आणि नव्या पोरांना कोण कुणाचा पणतू हे सांगितलं जातं.

जतनाची लढाईही वंशजांनीच लढली. १९७६ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचं मानांकन मिळालं होतं, पण त्याने इमारतींची पडझड थांबत नव्हती. पहिल्या वसाहतकारांच्या वंशज अँजेला बेट्स यांनी इतिहास मंडळ उभारलं, पाठपुरावा केला, आणि १९९६ मध्ये संसदेच्या कायद्याने निकोडेमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं. जुनं हॉटेल, दोन चर्च, १९१८ ची शाळा आणि १९३९ मध्ये सरकारी रोजगार योजनेतून चुनखडीत बांधलेलं टाउनशिप सभागृह अशा त्या पाच इमारती. सभागृहात आता माहिती केंद्र चालतं.

दगडी भिंती सरकार जपू शकतं. जमीन मात्र ज्याची त्यानेच राखावी लागते. याच गावच्या शेतकरी घरातल्या व्हेरिल स्विट्झरला १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघाने खेळाडू-निवडीच्या पहिल्याच फेरीत, चौथ्या क्रमांकावर निवडलं. नंतर तो कॅन्सस स्टेट विद्यापीठात मोठ्या प्रशासकीय पदांवर होता. पण निकोडेमसची शेती त्याने सोडली नाही. २०२२ मध्ये तो गेला. परिसरात वंशजांच्या नावावरची शेतं अजून आहेत. त्यांतली बरीच शेजारचे गोरे शेतकरी खंडाने कसतात आणि गहू घेतात. सातबाऱ्यासारख्या तिथल्या नोंदींत १८८० च्या दशकातली आडनावं आजही भेटतात, आणि गाव जिवंत आहे की नाही हा प्रश्न निघाला की होमकमिंगला जमलेली माणसं आधी त्या नोंदींकडे बोट दाखवतात.