दिव्याची कळ आणि तळ्याची पाळ

महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकास गोंदिया जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो निर्माण झाला. धान हे येथील मुख्य पीक व तलाव हे येथील भूषण. मृग नक्षत्राची चाहूल लागली की शेतकरी पऱ्हे टाकतो, पाऊस स्थिरावला की बांध्यांतून चिखलणी व रोवणी सुरू होते, आणि दिवाळीच्या सुमारास पिवळ्या लोंब्या वाऱ्यावर डोलू लागतात. हा सारा क्रम पावसाच्या भरवशावर चालतो. परंतु त्या पावसाचा स्वभावच आता बदलू लागला आहे. तो का बदलत आहे आणि तुमच्या-आमच्यासारख्या सामान्य माणसांस त्याबाबत काय करता येईल, याचा विचार आपण या पाठात करू.

मुलांनो, थंडीच्या रात्री तुम्ही गोधडी पांघरता. गोधडी काही स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. तुमच्या अंगची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. आपल्या पृथ्वीभोवतीही अशीच एक गोधडी आहे. सूर्याच्या किरणांनी तापलेली जमीन आपली उष्णता परत आकाशात सोडते. तिच्यापैकी काही भाग हवेतील पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड म्हणजेच कर्बवायू, मिथेन यांसारखे वायू अडवून धरतात. ही गोधडी मुळीच नसती, तर पृथ्वी हिमासारखी गोठून गेली असती. तेव्हा गोधडी असणे वाईट नव्हे. ती प्रमाणाबाहेर जाड होणे वाईट.

१८५६ साली अमेरिकेतील युनिस फूट या विदुषीने एक साधा प्रयोग केला. काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून, आत उष्णतामापक ठेवून, तिने त्या उन्हात ठेवल्या. कर्बवायूची नळी इतरांहून अधिक तापली आणि सावलीत आणल्यावर निवण्यासही तिला अधिक वेळ लागला. जगात यंत्रयुगाचा पसारा वाढण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. दगडी कोळसा व खनिज तेल जाळता जाळता आपण ते प्रमाण ४२० च्या वर नेले. परिणामी पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंश सेल्सिअसहून अधिक वाढले आहे.

एक अंश म्हणजे ते कितीसे, असे तुम्हांस वाटेल. परंतु हवा एका अंशाने तापली, की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धारण करू शकते. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा कोसळतो आणि ओढ देतो तेव्हा दीर्घकाळ ओढ देतो. धानाच्या बांधीस तर संथ, नियमित पाऊस हवा असतो. शिवाय धान फुलोऱ्यावर असताना दिवसाचे तापमान पस्तीस अंशांच्या पलीकडे गेले, तर पराग निकामी होऊन लोंबीत पोचट दाणे राहतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने गोंदिया, भंडारा व पुढील जिल्ह्यांतील शेते पाण्याखाली गेली होती. कोणत्याही एका पुराचे खापर केवळ वाढत्या तापमानावर फोडणे शास्त्रास धरून होणार नाही. तथापि, असे पाऊस अधिक वेळा पडू लागतात, हे मात्र शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे.

घराशेजारी आग लागली असता शहाणा माणूस दोन गोष्टी करतो. आगीत आणखी लाकूड पडणार नाही हे पाहतो, आणि आपल्या घराच्या रक्षणासाठी पाणी भरून ठेवतो. आपलीही कर्तव्ये अशीच दोन आहेत: तापमान वाढविणारी कारणे कमी करणे, हे पहिले, आणि जी झळ चुकणार नाही ती सोसण्याची तयारी ठेवणे, हे दुसरे.

पहिल्या कर्तव्याचा आरंभ घरातील दिव्याच्या कळीपासून होतो. गोंदिया जिल्ह्यातच तिरोडा येथे कोळशावर चालणारे मोठे वीजकेंद्र आहे. तेथे ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत. आगगाडीच्या वाघिणींतून कोळसा येतो, तो जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरते आणि वीज निर्माण होते. कोळशापासून एक युनिट वीज करण्यास सुमारे सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. तारेतून येणाऱ्या विजेस धूर नसतो, म्हणून तो कोळसा आपणांस दिसत नाही. दिसत नसला तरी तो जळालेला असतोच.

आता थोडे गणित करू. छताला टांगलेला साधा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो. रिकाम्या खोलीत तो रोज दोन तास उगाच फिरत राहिला, तर वर्षाच्या ३०० दिवसांत ४५ युनिटे, म्हणजे जवळजवळ ३० किलो कोळसा, व्यर्थ जातो. २०११ च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाखांच्या वर आहे. पाच माणसांचे एक घर धरले, तर सुमारे २ लाख ६० हजार घरे होतात. प्रत्येक घराने एवढाच एक पंखा वेळेवर बंद केला, तर वर्षाकाठी सुमारे ७,८०० टन कोळसा वाचेल. एका वाघिणीत ६० टन कोळसा मावतो असे मानले, तर या १३० वाघिणी झाल्या! खोली सोडताना कळ खाली करण्यास दोन पळे पुरतात.

याच रीतीने इतर गोष्टींकडे पाहावे. नवा पंखा, दिवा किंवा शीतकपाट घेताना त्यावरील ताऱ्यांची खूण पाहून, कमी वीज खाणारी वस्तू निवडावी. नव्या प्रकारचे काही पंखे जुन्यांच्या निम्म्याहूनही कमी विजेत तेवढाच वारा देतात. भात शिजविताना भांड्यावर झाकण ठेवावे, इंधन वाचते. शाळा जवळ असेल तर पायी अथवा सायकलने जावे, आणि दूरच्या प्रवासास एस. टी. किंवा आगगाडी पत्करावी. कारण अनेकांनी मिळून केलेल्या प्रवासात प्रत्येकाच्या वाट्यास थोडेच इंधन येते. ताटात लागेल तेवढेच वाढून घ्यावे. टाकलेल्या एका मूठभर भातामागे रोवणारणीचे श्रम असतात, तलावाचे पाणी असते, गिरणीची वीज असते. शिवाय ते अन्न उकिरड्यात दडपून कुजले, की त्यातून मिथेन वायू निघतो. हा वायू वजनास वजन धरता कर्बवायूच्या पंचवीसपटींहून अधिक उष्णता अडवितो.

मिथेनची गोष्ट निघाली, म्हणून धानाच्या बांधीविषयीही सांगितले पाहिजे. बांधीत सतत पाणी साचून राहिले, की चिखलात हवा शिरत नाही आणि तेथील सूक्ष्म जीव मिथेन तयार करतात. म्हणून, जेथे पाणी आपल्या हाती असते अशा उन्हाळी धानास, अधूनमधून पाणी ओसरू देऊन पुन्हा भरण्याची पद्धत शास्त्रज्ञ सुचवितात. तिच्यामुळे मिथेन घटतो व पाणीही वाचते. मात्र पिकाच्या कोणत्या अवस्थेत पाणी तोडावयाचे नाही, हे कृषी सहायकास विचारूनच ही पद्धत अवलंबावी. मळणीनंतरचे तणस न जाळता गुरांस घालावे किंवा त्याचे खत करावे. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा पेटविण्याची चाल आपल्याकडे आहे. तीच ठिणगी पुढे वणवा होते. पाला झाडून बाजूस केला, तर फुले स्वच्छ मिळतात आणि रानही वाचते. नवे रोप लावणे चांगले खरे, पण पन्नास वर्षांचे मोहाचे झाड राखणे त्याहून मोलाचे. कारण त्याने वर्षानुवर्षे हवेतून घेतलेला कर्ब आपल्या खोडात साठवून ठेवलेला असतो.

आता दुसरे कर्तव्य. त्याचा धडा आपल्या पूर्वजांनीच घालून दिला आहे. तळे बांधील त्यास जमीन बहाल करण्याची रीत गोंड राजांनी पाडली, असे सांगतात. कोहळी समाजातील कुशल लोकांनी जमिनीचा उतार नेमका हेरून जागोजागी पाळी घातल्या. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधविलेला नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव आजही पाहणाऱ्यास थक्क करतो. पाणी अडविण्यास पाळ, शेतास पाणी सोडण्यास तुडूम आणि जादा पाणी सुखरूप वाहून जाण्यास सलंग, अशी त्यांची रचना असे. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, आणि माजी मालगुजारी तलाव या नावाची आद्याक्षरे घेऊन लोक त्यांस प्रेमाने ‘मामा तलाव’ म्हणू लागले. जिल्ह्यात असे हजाराहून अधिक तलाव आहेत.

धो धो पाऊस झाला तर तलाव ते पाणी पोटात घेतो. पावसाने ओढ दिली तर तेच पाणी बांधीस देतो. बदललेल्या पावसावर याहून चांगला उतारा कोणता? परंतु कित्येक तलाव गाळाने भरून उथळ झाले आहेत, कित्येकांत बेशरमाची झुडपे माजली आहेत. हा गाळ सुपीक असतो. तो काढून शेतात पसरण्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना शासनाने २०१७ साली सुरू केली. गाळ निघाला की तळे खोल होते, शेताचा कस वाढतो, आणि तळ्याकाठी व धानशेतीत घरटे करणाऱ्या सारस पक्ष्यासही आसरा उरतो. महाराष्ट्रात हा डौलदार पक्षी मुख्यतः याच जिल्ह्यात पाहावयास मिळतो, हे विसरू नका.

यावर कोणी म्हणेल, “वीजकेंद्रे एवढी अजस्र, माझ्या एका कळीने काय होणार?” शंका रास्त आहे. कोळशाऐवजी सूर्य व वारा यांपासून वीज करण्याचे मोठे निर्णय शासनाने व उद्योगांनीच घ्यावयाचे असतात. त्यांचा भार मुलांच्या खांद्यावर टाकणे योग्य नव्हे. परंतु वीजकेंद्रे पेटतात ती घराघरांतील मागणीसाठीच. आणि जो स्वतः काटकसर करतो, त्याच्या मागणीस ग्रामसभेतही वजन येते. नवेगाव बांधची पाळ एका टोपलीने उभी राहिली नाही, हे खरे. पण तिच्यात टोपलीवाचून दुसरे काहीच नाही, हेही तितकेच खरे.

स्वाध्याय
१. पृथ्वीभोवतीच्या वायूंना गोधडीची उपमा का दिली आहे?
२. पाळ, तुडूम व सलंग यांची कामे सांगा.
३. तुमच्या घरी आठवडाभरात किती युनिटे वीज लागली, हे मीटर पाहून लिहा. पुढील आठवड्यात ती किती कमी करता आली, याची नोंद ठेवा.
४. तुमच्या गावच्या तलावाची माहिती वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळी लिहा.