नॅसचे दुसरे पोर्ट

एकच नॅस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली पुरवणारे साठवण उपकरण, दोन वेगळ्या लोकल नेटवर्कना जोडण्याचा प्रश्न घरात पोचला तो गेल्या वीसेक वर्षांत. त्यामागचा वाद मात्र जुना आहे. एका यंत्राला दोन पोर्ट आणि दोन पत्ते असतील तर त्याने वागावे कसे, याची चर्चा ऑक्टोबर १९८९च्या आरएफसी ११२२ या दस्तऐवजात आहे. कडक मत असे, की पॅकेट ज्या पोर्टवर आले त्याच पोर्टचा पत्ता त्यावर असेल तरच ते घ्यावे. सैल मताप्रमाणे पत्ता यंत्राचा असला म्हणजे पुरे, पोर्ट कोणतेही असो. दस्तऐवजाने निवाडा दिला नाही. विंडोज व्हिस्टापासून कडक मताकडे वळले. लिनक्स सैलच राहिले, आणि बहुतेक घरगुती नॅस आतून लिनक्सवर चालतात.

फेब्रुवारी १९९६च्या आरएफसी १९१८ने खासगी पत्त्यांचे पट्टे ठरवून दिले. घरगुती राउटर बनवणाऱ्यांनी त्यांतले १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० हेच सर्रास उचलले. परिणामी घरात दोन इंटरनेट जोडण्या आल्या की दोन्ही नेटवर्कचा पट्टा अनेकदा एकच निघतो आणि कोणते उत्तर कोणत्या पोर्टने धाडायचे हे नॅसला कळत नाही. त्यामुळे पट्टे वेगळे करणे ही पहिली पायरी.

२००४चे लिंकसिस एनएसएलयू२ हे स्वस्त आणि लोकप्रिय उपकरण एकाच इथरनेट पोर्टचे होते. २००५मध्ये फ्रीनॅस ही नॅससाठीची मोफत प्रणाली आली आणि जुन्या पीसीत दुसरे नेटवर्क कार्ड बसवून हौशी लोकांना प्रयोग करता येऊ लागले. पुढे तयार नॅसवरही दोन गिगाबिट पोर्ट दिसू लागली, पण ती दोन नेटवर्कसाठी नव्हती. हेतू होता लिंक ॲग्रिगेशनचा, म्हणजे दोन केबल एकत्र बांधण्याचा, ज्याचे ८०२.३एडी हे मानक २०००चे. त्यात एका संगणकाशी चाललेली एक जोडणी एकाच केबलवरून जाते, म्हणजे घरातल्या एकट्या वापरकर्त्याचा वेग वाढत नाही. मग हे रिकामे पोर्ट कुणी कॅमेऱ्यांच्या नेटवर्कला लावले, कुणी घरून चालणाऱ्या ऑफिसच्या.

खरी अडचण येते ती गेटवेची. दोन्ही पोर्टना डिफॉल्ट गेटवे दिला की पुढच्या दाराने आलेल्या पाहुण्याला मागच्या दाराने निरोप मिळतो: विनंती एका राउटरकडून येते, उत्तर दुसऱ्याकडे जाते आणि फायरवॉल ते टाकून देते. साधा उपाय म्हणजे गेटवे एकाच पोर्टला द्यायचा, दुसऱ्याला फक्त पत्ता आणि सबनेट मास्क. पत्त्यागणिक वेगळा राउटिंग तक्ता ठेवण्याची सोय लिनक्सच्या २.२ आवृत्तीपासून, म्हणजे १९९९पासून आहे. तयार नॅसच्या मेन्यूत ती बरीच उशिरा उमटली. निव्वळ घरातल्या घरात फाइली वाचायच्या असतील तर तिची गरजही पडत नाही.

दोन पोर्ट म्हणजे दोन नेटवर्कमध्ये भिंत, हा समज अर्धाच खरा. लिनक्स एका पोर्टवरचे पॅकेट दुसऱ्यावर आपणहून पुढे पाठवत नाही. त्यासाठी फॉरवर्डिंग चालू करावे लागते. पण नॅसवर कंटेनर चालवणारे डॉकर बसवले की तेच फॉरवर्डिंग चालू करते, याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. शिवाय फाइल शेअरिंगची सेवा मुळात दोन्ही पोर्टवर ऐकत असते. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर एसएमबी या फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलच्या पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीतून पसरले. तशा हल्ल्यात एका नेटवर्कवरचा बाधित संगणक सामायिक फोल्डर कुलूपबंद करू शकतो, आणि त्या फाइली दुसऱ्या नेटवर्कवरूनही उघडत नाहीत. लिनक्सवर एसएमबी पुरवणाऱ्या सांबामध्ये सेवा ठरावीक पोर्टपुरती बांधता येते. नॅसच्या फायरवॉलमध्ये पोर्टवार नियम लिहिता येतात. दोन्ही कामे हाताने करावी लागतात.

१९९८च्या ८०२.१क्यू मानकाने एकाच केबलवर अनेक व्हीलॅन, म्हणजे आभासी लोकल नेटवर्क, शक्य केले, आणि मॅनेज्ड स्विच स्वस्त झाल्यावर ती वाटही घरात आली. राउटरने दोन नेटवर्क जोडून मध्ये फायरवॉल ठेवणे जास्त शिस्तीचे, यात वाद नाही. तरीही दुसरे पोर्ट टिकून आहे, कारण टीव्ही आणि फोन नॅसला शोधतात ते एमडीएनएससारख्या पद्धतींनी, आणि त्यांची हाक राउटरपलीकडे जात नाही. दोन्ही नेटवर्कवर स्वतः हजर असलेला नॅस दोन्हीकडे आपोआप दिसतो. २०१६च्या ८०२.३बीझेड मानकानंतर अडीच गिगाबिटची पोर्ट आल्यावर आणखी एक वापर रूढ झाला: व्हिडिओ संपादनाच्या संगणकापासून नॅसपर्यंत थेट केबल, दोन्ही टोकांना हाताने दिलेले पत्ते, आणि गेटवेचा रकाना रिकामा.