प्राणी आणि कुंचला – ६ : उस्ताद मन्सूर

गेल्या आठवड्यात आपण अकबराच्या चित्रशाळेपाशी थांबलो होतो. तिथे एकेका चित्रावर अनेक हात काम करत; एकजण आखणी करी, दुसरा रंग भरी. मन्सूर या गर्दीतच घडला. 'बाबरनामा'च्या सचित्र प्रतींमध्ये त्याची प्राण्यांची चित्रं आहेत. पण त्याची प्रतिभा पुरती फुलली ती जहांगीरच्या दरबारात.

जहांगीरला अनोळखी पशुपक्ष्यांचं विलक्षण वेड होतं. पणजोबा बाबराने प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण चित्रकारांकडून त्यांची चित्रं काही काढून घेतली नाहीत, ही उणीव त्याला खटकत होती. वाचण्यापेक्षा पाहण्यात नवल अधिक, असं त्याचं म्हणणं. म्हणून नवा प्राणी दरबारात आला की आधी तो स्वतः निरखायचा, मग चित्रकाराला बोलावणं जायचं.

१६१२ मध्ये जहांगीरचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून परतला. अपूर्व वस्तू दिसल्या तर फिरंगी मागतील ती किंमत मोजून घ्या, असा त्याला हुकूम होता. त्याने आणलेल्या नवलाईत एक टर्की होती. मूळची अमेरिकेतली ही पाखरं पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागली होती. बादशहाने तिचं मोठं बारकाईचं वर्णन केलं आहे: माजावर आली की डोकं आणि मान पोवळ्यासारखी लाल, थोड्या वेळाने तीच कापसासारखी पांढरी, मग फिरोजी. डोक्यावरचा मांसल तुरा एरवी दोन बोटं उभा, पण माजात सोंडेसारखा खाली लोंबणारा.

आता असा क्षणाक्षणाला रंग पालटणारा पक्षी कागदावर उतरवायचा कसा? मन्सूरच्या चित्रात पक्षी एका बाजूने, अंगभर नीट दिसेल असा उभा आहे. गळ्याखालची लोंबती कातडी लाल, डोकं निळसर, आणि अंगावरचं एकेक पीस स्वतंत्र, त्याच्या कडेसकट. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला, अनेक थर चिकटवून घोटलेला कागद, आणि एकेका रेषेसाठी रोखून धरलेला श्वास. हे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मला त्यातली पिसांपेक्षाही पक्ष्याची ताठ, थोडी रागीट मान थोर वाटते. ती केवळ नोंद नाही. तो एक विशिष्ट जीव आहे.

१६२१ मध्ये दरबारात झेब्रा आला, हबशाणातून. अंगावरचे पट्टे कुणीतरी रंगवले असावेत, असा अनेकांना संशय आला. मन्सूरने रिकाम्या, फिकट पार्श्वभूमीवर म्होरकी घातलेला झेब्रा उभा केला. मानेवरचे, पाठीवरचे, पायांवरचे पट्टे वेगवेगळ्या दिशांनी वळतात. ते वळण त्याने कुठेही सरधोपट होऊ दिलेलं नाही. चित्रावर बादशहाच्या स्वतःच्या हस्ताक्षरात नोंद आहे, आणि तीत चित्रकाराचा किताबही आहे: नादिर-उल-अस्र, आपल्या काळातला अद्वितीय. झेब्रा पुढे इराणच्या शाह अब्बासकडे नजराणा म्हणून गेला.

निसर्गअभ्यासकाच्या दृष्टीने मन्सूरचं सर्वांत मोलाचं काम मात्र मला कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधलं सायबेरियन क्रौंचाचं चित्र वाटतं. निसर्गशास्त्रज्ञ पल्लासने या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं १७७३ मध्ये. मन्सूरने तो त्याच्या दीडशे वर्षं आधी रंगवला होता, चेहऱ्याची लाल कातडी, पायांचा रंग, सगळं निरखून. हा पक्षी भरतपूरला हिवाळ्यात यायचा. २००२ नंतर तिथे तो दिसलेला नाही.

या सगळ्यात कुठे ठरावीक साचा नाही, याचं कारण उघड आहे. टर्की असो की झेब्रा, आधीच्या कुणा उस्तादाने ते काढलेले नव्हते, त्यामुळे नक्कल करायला समोर काहीच नव्हतं. होता तो फक्त जिवंत प्राणी, आणि बादशहाची अपेक्षा.

पुढच्या भागात इंग्लंडचा जॉर्ज स्टब्ज. १७६३ मध्ये त्यानेही झेब्रा रंगवला, पण त्याआधी घोड्यांची शरीरं महिनोन् महिने फाडून स्नायू आणि हाडं तपासली होती. मन्सूर कातडीवरच्या पट्ट्यांपाशी थांबला. स्टब्ज तिच्या आत उतरला.