भिंतीची ओल आणि मुलांचा दमा
बिदरकडची बरीच जुनी घरे जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचे आणि जमिनीतले पाणी शोषून घेतो. मातीच्या माळवदाच्या घरात पाणी वरून झिरपते. श्रावण-भाद्रपदात कपाटामागे काळी बुरशी धरते ती यामुळेच. तिचे सूक्ष्म कण श्वासात गेले की दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलांच्या श्वासनलिका सुजतात. रात्रीचा खोकला, छातीत घरघर सुरू होते. घरातील ओल आणि दमा यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली नोंदवला आहे.

आपण दिवाळीला भिंत रंगवून मोकळे होतो (मीही वर्षानुवर्षे तेच केले). पुढच्या पावसात रंगाला फोड येतात. रंगाआधी पाणी कुठून येते ते शोधावे: माळवदाची भेग, तुंबलेली पन्हाळ, जोत्यालगत साचणारे पाणी. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे. मुले झोपतात त्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नयेत. बुरशी कोरडी खरवडू नये, ओल्या फडक्याने पुसावी; त्या वेळी मूल दुसरीकडे असावे. डॉक्टरांनी दिलेला पंप मात्र भिंत सुकली म्हणून परस्पर बंद करू नये.